बांधावरचा कान्हू

माझ्या बापाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका लग्नाच्या मांडवात.

पाचेक वर्षांची असेन, शाळेत अजून घातलं नव्हतं. पेणच्या पश्चिमेला, खाडीकाठी आमचं गाव, धामणखार. भावकीतल्या कुणाची तरी हळद होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. माझी आजी धोंडुबाई धवलारीण होती. मांडव उभा राहिला की ती मधोमध पाटावर बसायची, मागे साथीला दोन-चार बाया, आणि धवले गाऊन देवांना लग्नाला बोलवायची. आधी एकवीरा, मग गावदेवी, मग खाडीकाठचे लहानमोठे देव. देव झाले की गावातले मेलेले. कुणाचा पणजा, कुणाची बाळंतपणात गेलेली काकी, एकेकाचं नाव घेऊन. ते सगळे येऊन बसले की मग हळद लागायची.

त्या दिवशी मेलेल्यांच्या शेवटी आजीनं आवाज थोडा चढवला.

"ये रं कान्हू बांधावरच्या,
मांडवाच्या दारी तुझी जागा हाय."

मांडवातली कुजबुज एकदम बंद झाली. पुरुष विड्या चाचपायला लागले, बाया खाली बघायला लागल्या. माझी आत्या पुतळी आजीच्या मागे साथ करत बसली होती. मी तिचा पदर ओढला.

"आत्या, कान्हू कोन गो?"

"तुझा बापूस," ती बोलली आणि पुढची ओळ तिनं बरोबर पकडली.

बाप मेलाय हे मला माहीत होतं. पण त्याला नाव होतं, हे त्या दिवशी कळलं. गावात कुणीच ते घेत नव्हतं. कुणी बंदी घातली होती असं नाही. लोक आपसूकच "ते झालं तेव्हा" असं म्हणायचे आणि पुढे जायचे. माझी आई मैना, तिला तिच्या भावांनी वर्षभरात नागोठण्याकडे नेऊन दुसऱ्या घरी दिली. ती मला भेटायला यायची, खाऊ आणायची, केस विंचरायची. त्याच्याबद्दल मात्र तिनं कधी तोंड उघडलं नाही. मला आजीनं ठेवून घेतलं होतं आणि वाढवलं आत्यानं. आत्या गावातच दिलेली, तिचा नवरा विठू मिठागरावर होता. काय झालं ते मी मोठी झाल्यावर आत्यानंच सांगितलं, भाकऱ्या थापता थापता, एका दमात.

बहात्तर सालच्या पावसाळ्यात बाहेरकाठा फुटला, खांड पडली. बाहेरकाठा म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मोठा बांध. खारं पाणी एकदा आत आलं की भाताचं शेत दोन-तीन वर्षं मेल्यातच जमा. तो बांध आदल्याच उन्हाळ्यात पक्का झाला होता, म्हणजे तसं सांगितलं होतं. काम घेतलं होतं गुणाजीशेठनं. तोच सरपंच, तोच तालुक्याच्या पुढाऱ्यांचा गावातला माणूस. माझा बाप तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा. तो घरोघर जाऊन विचारायला लागला की पक्का बांध कुठं गेला. मग पंचायतीची निवडणूक लागली आणि त्यानं गुणाजीच्या विरोधात अर्ज भरला. गावात तोवर असं कुणी केलं नव्हतं. चार पोरं त्याच्या मागे आली, मग आणखी आली. आमच्या पेंढ्याची उडवी कुणीतरी पेटवली. त्यानं दुसऱ्या दिवशी राखेवर उभं राहून सभा घेतली.

मतदानाला थोडे दिवस उरले होते. वरच्या शेतांत, जिथं खारं पाणी पोचलं नव्हतं, तिथं भाताची कापणी चालली होती. भर दुपारी तो बांधावरून एकटा येत होता. सहा-सात जण कोयते नि दांडके घेऊन आडवे आले. आजी आणि आत्या तिथंच खाचरात वाकून कापत होत्या. आत्या धावली. तिच्या डाव्या मनगटावर दांडका बसला, तो हात आजही सरळ होत नाही. गुणाजी थोडा लांब, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी उभा होता. त्यानं हात लावला नाही. सगळं संपल्यावर तो एवढंच बोलला, "झालं. चला."

आजूबाजूच्या शेतांत अर्धं गाव होतं. कोर्टात मात्र कुणी काही बघितलं नव्हतं. एक जण पाणी प्यायला गेला होता, एकाची पाठ होती, एकाच्या डोळ्यांत कुसळ गेलं होतं. उरल्या आजी आणि आत्या. गुणाजीचा वकील बोलला, घरच्याच बाया, त्या असंच सांगणार. सगळे सुटले. गुणाजी जीपमधून ताशा लावून गावात आला आणि पुढच्या निवडणुकीत बिनविरोध सरपंच झाला.

त्यानंतरच्या पहिल्या लग्नात गुणाजीच्या भावकीला धवलारीण हवी होती. पंचक्रोशीत आजीशिवाय दुसरी नव्हती. तिला वाटलं असतं तर ती गेली नसती. ती गेली. पाटावर बसली, देव बोलावले, मेलेले बोलावले, आणि शेवटी स्वतः रचलेल्या त्या दोन ओळी म्हटल्या. गुणाजीचा भाऊ केरू उठून उभा राहिला. "म्हातारे, थांब." आजी थांबली नाही. केरू पाटाकडे यायला लागला तेव्हा नवऱ्या मुलाची आईच आडवी आली. सुरू झालेला धवला मध्ये तोडला तर त्या घरात अपशकुन होतो, हे तिला माहीत होतं आणि आजीलाही माहीत होतं.

पुढे गावातल्या प्रत्येक मांडवात ते नाव आलं. कोर्टात ज्यांना दिसलं नव्हतं त्यांच्या पोरांच्या हळदीलाही आलं. लोक खाली बघायचे आणि ऐकून घ्यायचे. बोलवायची नाही म्हटलं तर हळद कशी लागणार? आजी गेल्यावर आत्या पाटावर बसायला लागली आणि तिनंही एक अक्षर गाळलं नाही. गुणाजीच्या स्वतःच्या घरी मात्र त्या दोघींपैकी कुणी पाऊल ठेवलं नाही. त्याच्या मुलांची लग्नं नुसत्या भटजीवर झाली.

माझं लग्न रोह्याला झालं. नवरा दत्तात्रेय, सगळे दत्ता म्हणतात. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो कंत्राटी कामगार होता, शिफ्टमध्ये. मी घरी शिवणाची मशीन चालवते. तोवर गुणाजीही रोह्याला बंगला बांधून राहिला होता. कंपन्या आल्या तशी माणसं पुरवायची कंत्राटं त्यानं घेतली. पुढे ती त्याचा मुलगा काळुराम बघायला लागला. दत्ताला काम लागलं ते दुसऱ्या ठेकेदाराकडे. दोन वर्षांनी तो ठेकाच काळुरामनं घेतला. आम्ही काय करणार? रोह्यात त्या कामात त्याच्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. दत्ता पहिल्याच दिवशी त्याला सांगून आला होता, माझी बायको कान्हूची मुलगी. काळुरामनं हजेरीत त्याचं नाव तसंच ठेवलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काळुराम आमच्या दारात आला. गाडी कोपऱ्यावर उभी करून चालत आला होता. मी पाणी दिलं. त्यानं पेला हातात धरला, प्याला नाही.

"वहिनी, माझ्या मुलाचं लग्न हाय. आईचा हट्ट हाय, धवले झाल्याशिवाय नातवाला हळद लावायची नाय. तिची तब्येत तुम्ही ऐकूनच असाल. तुमच्या आत्याला विचाराल काय?"

"विचारीन."

"फक्त एक हाय." तो पेल्यात बघत होता. "ते शेवटचं नाव गाळायचं."

"कुठलं नाव?"

"तुम्हाला ठाऊक हाय."

"मला बरीच नावं ठाऊक हायत. तुम्ही सांगा ना कुठलं ते. मी आत्याला तेच सांगीन."

त्याच्या तोंडून ते निघेना. पन्नाशीला आलेला माणूस, चारशे माणसांचा ठेकेदार, आणि दोन अक्षरांवर अडला होता. शेवटी त्यानं पेला खाली ठेवला. "दत्ताला परमनंट करायचं माझं कंपनीशी बोलणं चाललंय," तो बोलला. "होईल. बिघडायला नको एवढंच."

दत्ता शिफ्टवरून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो जेवत होता. जेवण संपवून त्यानं हात धुतले.

"जा उद्या धामणखारला," तो बोलला. "विचार आत्याला. पण माझ्या नोकरीचं तिच्या कानावर घालू नको."

"का?"

"मग ती तुझ्याकडं बघून ठरवील. तिचं तिला ठरवू दे."

आत्या ओटीवर सुपात वाल निवडत बसली होती. मी सांगितलं तसं तिचा उजवा हात जागीच थांबला. वाकड्या डाव्या हातानं तिनं सूप मांडीवर तोलून धरलं होतं.

"हौसाबाई मागते?" तिनं विचारलं. हौसाबाई म्हणजे गुणाजीची बायको.

"व्हय. आजारी हाय."

"बाई वाईट नाय. आपली उडवी जळली तेव्हा चोरून तांदूळ धाडले होते तिनं." आत्या परत निवडायला लागली. "गाईन. सांग त्याला, पुतळी येते बोल. पण अख्खा धवला गाईन. अर्धामुर्धा मला येत नाय."

"तो नाय म्हणंल."

"मग दुसरी बघंल. मी काय त्याच्या दारात जाऊन बसलेय?"

मी काळुरामला तसंच कळवलं. तो हसला, पण त्यानंतर दत्ताला सलग नाइट लागल्या. पेणच्या बाजूची कुठलीही धवलारीण त्यानं घेतली नाही, त्या सगळ्या आमच्या आजीच्या किंवा आत्याच्या हाताखालच्या. वडखळच्याही पुढून, अलिबागकडच्या खाडीपट्ट्यातून त्यानं एक विमलबाई ठरवली. आमच्या गावाचं नावही तिनं कधी ऐकलं नसेल अशी त्याची खात्री होती. ठेक्यातल्या सगळ्या कामगारांना पत्रिका वाटल्या, त्यात दत्तालाही एक मिळाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर आत्या उभी. नऊवारी नेसलेली, केसांत अबोली, पहिल्या एसटीनं आलेली.

"तू कुठं?"

"हळदीला."

"आत्या, तुला बोलावलंय कुठं?"

"जावयाच्या पत्रिकेत सहकुटुंब लिवलंय ना? मी कुटुंबात नाय काय?"

दत्ता दात घासत होता, तो फेसासकट हसला. "चला," तो बोलला.

बंगल्यासमोर अख्ख्या गल्लीवर मांडव होता. व्हिडिओवाला, लाऊडस्पीकर, खुर्च्यांच्या रांगा. पुढे सोफ्यावर गुणाजी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, दोन्ही बाजूंना तालुक्याचे पुढारी. केस पिकले होते, पण पाठ ताठ होती. हौसाबाईंना खाटेसकट बाहेर आणलं होतं. मी आणि आत्या बायांमध्ये मागे बसलो. आत्याला ओळखणाऱ्या दोघी-तिघी तिच्याकडे आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

विमलबाई ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मिश्रीनं दात काळे झालेली. माईक पुढे ठेवला तेव्हा तिनं तो शिवीच दिल्यासारखा बाजूला सारला, पण व्हिडिओवाल्यानं परत आणून ठेवला. आवाज मात्र असा की माईकची खरंच गरज नव्हती. एकवीरा आली, गावदेव्या आल्या. चाल आमच्यापेक्षा जरा निराळी होती, ओळीच्या शेवटी झोका देणारी. आत्या मान हलवत होती, चांगली गाते म्हणून. घरातल्यांनी मेलेल्यांची नावं विमलबाईला आधीच सांगून ठेवली होती. ती सगळी तिनं घेतली.

मग तिनं आवाज चढवला.

"ये रं कान्हू बांधावरच्या,
मांडवाच्या दारी तुझी जागा हाय."

मला वाटलं मला भास झाला. पण आत्यानं माझा गुडघा घट्ट धरला. लाऊडस्पीकरनं ते नाव गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचवलं.

गुणाजी शेजारच्या पुढाऱ्याशी बोलत होता, तो वाक्याच्या मध्येच गप्प झाला. "बंद कर ते," तो ओरडला. काळुराम धावत आला आणि त्यानं माईक उचलला.

विमलबाई गोंधळली. "काय झालं? चुकले काय मी?"

"हे नाव कुणी सांगितलं तुला? कुणी पढवून पाठवलीय?" काळुराम आत्याकडे बघत होता.

"पढवायचंय काय त्यात?" विमलबाई बोलली. "माझ्या सासूनं शिकवलंय तसं गाते. बांधावरचा देव हाय तो. त्याच्याशिवाय धवला पुरा होत नाय. लावणीच्या आधी आम्ही बाहेरकाठ्यावर नारळ देतो त्याला, खांड पडू नये म्हणून. तुमच्यात देत नाय?"

आत्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "सासू कुठली गो तुझी?"

"तुमच्याच अंगाची. खाडीच्या अल्याडची. धामणखारची लेक. माहेरच्या लग्नांना जायची, तिथनंच आणलंय तिनं."

आत्यानं माझ्याकडे वळून बघितलं.  आमच्या गावच्या मुली लग्न होऊन कुठं कुठं गेल्या, माहेरच्या लग्नांना आल्या की इथले धवले घेऊन गेल्या, आणि त्यांच्याबरोबर माझा बापही गेला. देव होऊन तो खाडीपलीकडे नारळ घेत होता आणि आम्हाला त्याची खबरच नव्हती.

कुणीतरी मागून हसलं. काळुरामच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं काहीतरी आलं. देव म्हटल्यावर मिटलंच की सगळं. "बरं, देव तर देव," तो बोलला. "पुढचं घ्या."

मला तेव्हाच राग आला. आधीचा राग वेगळा होता, तो मी रोज बरोबर घेऊन फिरत होते. हा नवा होता. मी उठले.

"देव नाय तो, विमलबाई."

सगळे वळले. व्हिडिओवाल्यानं कॅमेराही माझ्याकडे वळवला.

"माणूस होता. माझा बापूस. देवाला कोण मारीत नाय. याला मारलाय. धामणखारच्या बांधावर, भर दुपारी, कोयत्यांनी. बांध खाल्ला कुणी असं विचारत होता म्हणून. आणि ज्यानं मारवला तो तिकडं सोफ्यावर बसलाय."

"वहिनी, खाली बसा," काळुराम दबक्या आवाजात बोलला. "शुभकार्य हाय."

"शुभकार्यातच बोलावतात ना मेलेल्यांना? मी नाय बोलावला त्याला. तुमच्या मांडवात तुम्ही आणलेल्या बाईनं बोलावलाय."

गुणाजी उठला होता. "कोर्टानं सोडलंय मला," तो बोलला. त्याचा आवाज फाटला होता. "काय पुरावा हाय?"

तोवर आत्या उभी राहिली होती. तिनं डावा हात वर केला, मनगटापर्यंत सरळ आणि पुढे वाकडा.

"कोर्ट बांधावर नव्हतं गुणाजी, मी होते. तू पाण्याच्या दारापाशी उभा होतास. तू बोललास, झालं, चला. मी मरेपर्यंत सांगीन. तुझ्या दारात सांगीन, बाजारात सांगीन. तेव्हा सांगितलं, आता सांगते."

दोन माणसं आमच्याकडे यायला लागली. दत्ता खुर्च्यांच्या रांगेतून येऊन त्यांच्या पुढ्यात उभा राहिला. त्यानं हात उचलला नाही, नुसता उभा राहिला. त्याच्या शिफ्टमधले काही जण खुर्च्यांत बसून जमिनीकडे बघत होते. एक जण मात्र उठला आणि दत्ताच्या शेजारी येऊन थांबला. मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"धवला तोडू नका." हौसाबाई कोपरावर उठायला बघत होत्या. "पुरा करा."

"आई, अगं..."

"माझ्या नातवाची हळद हाय. पुरा करा बोलते ना."

त्या अपशकुनाला भ्यायल्या होत्या की आणखी काही होतं, मला कळलं नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. गुणाजीनं बायकोकडे बघितलं. मग तो आत गेला. पुढारी घड्याळं बघायला लागले.

विमलबाईनं माईक पायानं लांब ढकलला. "मागं बसा ना माझ्या," ती आत्याला बोलली. "तुमची चाल मी पकडीन." तुटलेली ओळ पहिल्यापासून घ्यायची असते. दोघींनी ती पहिल्यापासून घेतली. मीही मागे बसून साथ केली. माझा आवाज चांगला नाही, पण त्या दिवशी तो निघाला.

हळद लागली. आम्ही जेवायला थांबलो नाही. फाटकाशी काळुरामनं दत्ताला गाठलं. "उद्यापासून गेटवर येऊ नको."

"बरं," दत्ता बोलला. "माझा डबा राहिलाय कंपनीत. तेवढा धाड कुणाबरोबर तरी."

रोहा स्टँडवर दुपारची पेण गाडी लागायची होती. विमलबाईही आमच्याबरोबर आली होती, कारण तिला परत पोचवायला ठरलेली गाडी आता मिळणार नव्हती आणि बिदागीही मिळाली नव्हती. दत्तानं चौघांसाठी चहा आणला. तो कानकोंडा वगैरे काही नव्हता. नागोठण्याला कुणी ड्रायव्हर शोधतंय म्हणत होता, स्वतःशी हिशेब लावत होता. खरं तर पुढे त्याला काम मिळायला पाच महिने गेले आणि ते महिने वाईट गेले. माझी मशीन रात्रंदिवस चालली. गुणाजीचं फार काही बिघडलं असंही नाही. फक्त त्या वर्षीच्या निवडणुकीत धामणखारात त्याच्या माणसांची सभा झाली तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी उठून, नाव घेऊन, कान्हूबद्दल विचारलं. सभा तिथंच संपली.

पण त्या दुपारी आम्ही स्टँडच्या बाकावर चहा पीत होतो. विमलबाईनं कप रिकामा करून बाकावर ठेवला. शेवटी बोलली, "तर मग देव नव्हता."

"नव्हता," आत्या बोलली.

"आता मी काय करू? गाळू काय?"

"तुझं तू बघ."

"नाय गाळायची," विमलबाई बोलली. "पण मला आता कोण होता ते कळाय हवं. एवढी वर्षं हाक मारतेय. कसा होता तो?"

आत्यानं कपातला चहा हलवला. मला वाटलं ती बांधावरचं सांगेल, कोयते, पाण्याचं दार. तेच ती सांगत आली होती, तेच मी ऐकत आले होते.

"तोतरा होता," आत्या बोलली.

मी तिच्याकडे बघायला लागले.

"प आला की अडायचा. पुतळी नाय म्हणता यायचं त्याला. मला उतळी म्हणायचा. मी चिडायचे. आणि खादाड. जिताड्याचं कालवण असलं की आये त्याच्या ताटात वाढून टोप लपवून ठेवायची. मला एकदा सायकलवर बसवून पेणला नेलं, बांगड्या भरायला. येताना उतारावर पाडली. सगळ्या बांगड्या फुटल्या. आयेला सांगितलं, कासारानंच फुटक्या दिल्या."

विमलबाई खो खो हसली. दत्ताही हसला. मीही हसले. सत्तावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की माझा बाप तोतरा होता. मीही कधी विचारलं नव्हतं. तो कसा मेला ते मला इतकं पाठ होतं की तो कसा होता हे विचारायचं सुचलंच नाही.

गाडी लागली. आत्या चढली, विमलबाई चढली. मी खिडकीशी उभी होते. कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केला.

"जा," दत्ता मला बोलला. "मी भात टाकीन माझा."

मी अंगावरच्या साडीनिशी चढले. त्या दोघींच्या मध्ये दाटीवाटीनं बसले. नागोठणं येईपर्यंत आत्या बोलत होती. लहानपणी गाढवावरून पडला ते, माझ्या आईला बघायला गेला तेव्हा घाबरून दुसऱ्याच घरात जाऊन बसला ते, मी जन्मले त्या दिवशी मिठागरावरच्या सगळ्यांना गूळ वाटत फिरला ते. आंबा नदीचा पूल मागे पडला. वडखळ आलं. विमलबाईला तिथं उतरून अलिबागची गाडी धरायची होती. कंडक्टरनं दोनदा "वडखळ, वडखळ" ओरडून सांगितलं. ती जागची हलली नाही.

"बाई, तुमचं तिकीट वडखळचं हाय," तो बोलला.

"पेणचं फाड पुढचं," ती बोलली. "जाईन मी मागून." आणि आत्याकडे वळली. "हां, मग? खाडीकाठचा पोर नि पोहायला येत नव्हतं बोलतेस, तर मिठागरावर होडीतून जायचा कसा?"

"डोळे मिटून," आत्या बोलली. "काठावर बसायचा, दोन्ही हातांनी होडी घट्ट धरायचा, आणि मला बोलायचा, उतळी, आलं की सांग."